ड्रिल बिट सरळ, तर भोक जागेवर



मालेगावहून मेहकरकडे जाताना रिसोड तालुक्यातील केनवड लागते. सोयाबीन, तूर आणि हरभरा पिकवणारा हा सगळा पट्टा. अशा गावांच्या रस्त्यालगत वेल्डिंग-फॅब्रिकेशनची जी लहान दुकाने दिसतात, त्यांचा वर्षभराचा मोठा हंगाम पेरणीच्या आधीचा. मे महिना सरत आला की पेरणी यंत्रे, डवरे, वखर, ट्रॉल्या दुरुस्तीला येऊन पडतात. वाशीम, हिंगोली, यवतमाळ या भागांत आंध समाजाची वस्ती आहे. त्या घरांतील तसेच इतर भूमिहीन घरांतील अनेक मुलांना शेतीबाहेरचे पहिले काम मिळते ते अशाच दुकानात, हेल्पर म्हणून. हेल्परच्या हाती आधी झाडू येतो, मग ग्राइंडर आणि मग ड्रिल मशीन. ड्रिल मशीन हाती आली म्हणजे तो कारागिराच्या वाटेला लागला, असे समजतात. तो त्या वाटेवर टिकतो की पुन्हा हेल्परच राहतो, हे बऱ्याचदा एका साध्या गोष्टीवर ठरते. त्याने पाडलेल्या भोकात बोल्ट सरळ बसतो का?

या लेखात त्या भोकाविषयी आणि ते पाडणाऱ्या बिटाविषयी लिहिले आहे. आपल्यापैकी पुष्कळांचा यंत्रकामाशी संबंध नाही, हे मला माहीत आहे. तरी थोडे सविस्तर वाचावे, अशी विनंती. आपण देणगीत जुनी मशीन किंवा बिटांचा डबा देता, त्याचे पुढे काय होते हे त्यातून कळेल.

भोक पाडणे हे काम आपल्याकडे नवे नाही. सुताराजवळ सामता आणि गिरमिट होतेच. लोहार पोलादी सळईचे टोक चपटे ठोकून, त्याला धार देऊन लोखंडात भोक पाडत असे. चपट्या हत्याराची अडचण अशी की कीस भोकातच अडकतो आणि हत्यार पुन्हा पुन्हा बाहेर काढावे लागते. १८६३ मध्ये अमेरिकेतील स्टीफन मोर्स यांनी पिळाच्या खाचा असलेल्या ड्रिलचे पेटंट घेतले. या खाचांतून कीस आपोआप वर येतो. आजचे बिट मूळ रूपात तेच आहे. मोठ्या बिटांच्या निमुळत्या दांड्याला आजही ‘मोर्स टेपर’ म्हणतात, ते त्यांच्याच नावावरून. तीन जबड्यांचा आणि चावीने आवळायचा चक आर्थर जेकब्स यांचा, १९०२ चा. आपल्या बाजारात डॅगर आणि ॲडिसन हे जुने देशी छाप सर्वांच्या ओळखीचे आहेत.

हस्तकला शिकवण्याच्या कामात महाराष्ट्रातील मिशनांनीही पूर्वी हात घातला होता. नाशिकच्या शरणपूर येथे चर्च मिशनरी सोसायटीने गुलामीतून सोडवलेल्या आफ्रिकन मुलांना सुतारकाम आणि लोहारकाम शिकवले. त्यांतील जेकब वेनराइट हा पुढे डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांचे पार्थिव आफ्रिकेच्या अंतर्भागातून किनाऱ्यापर्यंत आणणाऱ्यांत होता आणि १८७४ मध्ये लंडनला त्यांच्या अंत्यविधीलाही हजर होता. अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, अमेरिकन मराठी मिशनची औद्योगिक शाळा होती. आता हे काम मुख्यतः तालुक्यांच्या शासकीय आयटीआय करतात आणि तेथे फिटरचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा आहे. पण दहावी न गाठलेला मुलगा आयटीआयच्या फिटर वर्गात पोहोचत नाही. तो जे शिकतो ते दुकानात बघून शिकतो, आणि उस्तादाच्या चुकाही त्याच्याकडे तशाच उतरतात.

आता मूळ मुद्दा. बिट ‘सरळ’ असणे म्हणजे नेमके काय? त्यात तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दुकानात त्यांची नेहमी गल्लत होते. पहिली, बिटाचे अंग वाकलेले नसणे. दुसरी, बिटाचे टोक बरोबर मध्यावर असणे आणि दोन्ही धारा सारख्या असणे. तिसरी, मशीनने ते बिट मध्यावर धरून फिरवणे. तिन्हींपैकी एकही बिघडली की बिट ‘आउट मारते’, म्हणजे फिरताना त्याचे टोक एका जागी न राहता लहानसे वर्तुळ काढते. कारागीर बहुधा बिटाला दोष देतो आणि नवे आणतो. दोष चकमध्ये असेल तर नवे बिटही तसेच फिरते, आणि पैसे वाया जातात.

अंग वाकले आहे का हे पाहायला काहीही विकत आणावे लागत नाही. खिडकीच्या जाड काचेचा एक सपाट तुकडा पुरतो. बिटाचे खाचांचे अंग काचेवर ठेवावे, गुळगुळीत दांडा काठाबाहेर राहू द्यावा आणि बिट बोटांनी हळू लोळवावे. दांड्याचे टोक एका पातळीत फिरले तर बिट ठीक. ते वरखाली होऊ लागले तर बिट वाकले. नंतर उलट करून दांडा काचेवर आणि अंग बाहेर, असेही पाहावे. अंगाखालून दांड्याच्या बाजूला केसाएवढा उजेड दिसला म्हणून घाबरू नये. बिट भोकात घासू नये म्हणून टोकाकडून दांड्याकडे किंचित निमुळतेच बनवलेले असते. लोळवताना तो उजेड सारखाच राहिला तर वाक नाही. कमी-जास्त झाला तर आहे.

वाकलेले बिट ठोकून सरळ करता येते का, हा हमखास येणारा प्रश्न. हायस्पीड स्टीलच्या बिटाचे खाचांचे अंग अतिशय कठीण असते. हातोडा पडला की ते सरळ न होता तुटते, आणि तुकडा डोळ्याकडे उडतो. दांडा तुलनेने मऊ असतो. तेथे थोडा वाक असेल तर काही जुने कारागीर तो तांब्याच्या किंवा लाकडाच्या ठोकळ्यावर हलकेच काढतात. मोठ्या बिटाच्या बाबतीत ते समजण्यासारखे आहे. ६ मिलिमीटरच्या आतील बिटासाठी तो खटाटोप करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. वाकलेले लहान बिट मशीनच्या डब्यातून बाजूला काढावे, नाहीतर दुसऱ्या दिवशी तेच पुन्हा कोणाच्या तरी हाती येते.

मुळात बिट वाकते कशाने? खाली पडल्याने वाकते, तसेच पत्रा फिरून अडकल्यानेही. पण फॅब्रिकेशनच्या दुकानातील सर्वांत मोठे कारण वेगळे आहे. दोन पट्ट्यांची भोके जुळत नाहीत, बोल्ट जात नाही. मग फिरते बिट भोकात घालून पट्टी आडवी रेटली जाते आणि भोक लांबवले जाते. बिट हे टोकाने कापण्यासाठी बनवले आहे, बाजूने कापण्यासाठी नव्हे. आडवा दाब आला की ते वाकते, त्याची कडेची धार जाते आणि चकचे जबडेही सैल होतात. वाकलेल्या बिटाने पाडलेले पुढचे भोक पुन्हा जागा सोडून पडते आणि तेही रेटून लांबवावे लागते. हे चक्र एकदा सुरू झाले की दुकानातील एकही बिट सरळ राहत नाही. भोक लांबवायचेच असेल तर गोल कानस घ्यावी. वेळ जास्त लागतो, पण बिट वाचते. दोन पट्ट्या जुळवायच्या असतील तर त्या आधीच एकमेकींवर शिकंज्यात आवळून एकाच वेळी भोक पाडावे, म्हणजे लांबवण्याची पाळीच येत नाही.

भोक थोडे मोठे झाले तर बिघडले काय, असे वाटू शकते. हिशेब पाहा. १० मिलिमीटरच्या बोल्टसाठी आटे पाडायचे तर भोक ८.५ मिलिमीटरचे लागते. बिट आउट मारून तेच भोक ९ चे झाले तर आट्यांची उंची सुमारे एक तृतीयांशाने कमी होते. बोल्ट बसतो आणि आवळला जातो, ग्राहक घेऊनही जातो. पेरणीच्या वेळी ट्रॅक्टरच्या हादऱ्याने ते आटे सोलतात. मृगाच्या पावसानंतर वाफसा येतो तो मोजक्या दिवसांचा, आणि त्या दिवसांत दोन-तीन एकरांच्या शेतकऱ्याचे भाड्याचे यंत्र उभे राहते. त्याचा राग दुकानदारावर निघतो आणि दुकानदाराचा राग मुलावर.

टोकाकडे वळू. साध्या लोखंडासाठी बिटाच्या टोकाचा कोन ११८ अंशांचा असतो, म्हणजे मध्यरेषेपासून दोन्ही बाजूंना ५९ अंश. ग्राइंडरवर हाताने धार लावताना दोन चुका होतात. एका बाजूला कोन वेगळा पडतो, किंवा कोन सारखा राहून एक धार लांब आणि दुसरी आखूड होते. धारा असमान असल्या की टोक मध्यापासून सरकते. टोक अर्धा मिलिमीटर सरकले तर भोक सुमारे एक मिलिमीटरने मोठे पडते, कारण सरकलेले टोक दोन्ही बाजूंना तेवढेच खाते. बिट पूर्ण सरळ असूनही असे होते, आणि म्हणूनच काचेची परीक्षा पुरेशी नाही.

कोन पाहायला मापक नसेल तर एक सोपी युक्ती आहे. सारख्या आकाराचे दोन षटकोनी नट घ्यावेत आणि त्यांच्या एकेक सपाट बाजू एकमेकींना चिकटवून धराव्यात. वर जी खाच तयार होते ती बरोबर १२० अंशांची असते. बिटाचे टोक त्या खाचेत उजेडाकडे धरून पाहावे. ११८ आणि १२० मधला फरक या कामात नगण्य आहे. धारांची लांबी पट्टीने किंवा व्हर्नियरने मोजावी. तेही नसेल तर कीस पाहावा. बिटाच्या दोन्ही खाचांतून सारखी वळलेली लोखंडाची दोन सुते बाहेर येत असतील तर दोन्ही धारा काम करीत आहेत. एकाच खाचेतून सूत येत असेल आणि दुसरीतून नुसता भुगा, तर एकच धार कापते आहे. ही परीक्षा फुकट असून दर भोकाला आपोआप होते. फक्त पाहण्याची सवय लागायला हवी. आणखी खात्रीसाठी भंगाराच्या तुकड्यात एक भोक पाडून त्याच बिटाचा दांडा त्यात घालावा. तो खुळखुळला तर धार पुन्हा लावावी.

धार लावताना बिटाची कापणारी कड आडवी ठेवून ती चाकाच्या तोंडाशी ५९ अंशांत टेकवावी आणि दांडा हळूहळू खाली न्यावा. त्यामुळे कडेच्या मागची बाजू ८ ते १२ अंशांनी उतरती होते. हा उतार नसेल तर कड लोखंडाला टेकतच नाही, मागची बाजू घासत राहते, आणि मग माणूस जोराने दाबतो. दाबले की बिट वाकते. उतार फार झाला तर कड पातळ होऊन तुटते. एका बाजूला जितके हात मारले तितकेच दुसऱ्या बाजूला मारावेत. ग्राइंडरचा टेका चाकापासून ३ मिलिमीटरपेक्षा दूर नसावा आणि डोळ्यांवर चष्मा असावा. याबाबत कोणाचीही सबब ऐकू नये. बिट निळे पडेपर्यंत तापवू नये. साध्या कार्बन स्टीलचे बिट निळे पडले की तेवढा भाग मऊ झाला. हायस्पीड स्टील बरीच उष्णता सोसते, पण लालभडक झालेले बिट एकदम पाण्यात बुडवले तर त्यावर डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरा पडतात. थोडे घासावे, थांबावे, थंड होऊ द्यावे.

आता मशीन. बिट बदलूनही आउट मारत असेल तर चकमध्ये एक खात्रीची सरळ गोल सळई धरावी आणि मशीन बंद ठेवून, वीज काढून, पुली हाताने फिरवावी. सळईजवळ डायल गेज लावावा. तो नसेल तर लाकडी ठोकळ्यात ठोकलेला खिळा सळईपासून कागदाएवढ्या अंतरावर ठेवून फट पाहावी. जिथे फट सर्वांत कमी होते तिथे सळईवर आणि चकवर खडूने खूण करावी. मग चक सैल करून सळई अर्धा फेरा फिरवून पुन्हा आवळावी आणि पुन्हा पाहावे. कमी फटीची जागा सळईच्या खुणेबरोबर गेली तर दोष सळईत आहे. ती चकच्या खुणेपाशीच राहिली तर दोष चकचा किंवा स्पिंडलचा. पाच मिनिटांचे काम आहे, आणि नव्या बिटांच्या खर्चातून वाचवते.

चकचा दोष पुष्कळदा केवळ घाणीचा असतो. जबड्यांत कीस अडकतो. चक पूर्ण उघडून रॉकेल आणि ब्रशने तो साफ करावा. चकच्या मागचा निमुळता भाग स्पिंडलमध्ये बसतो. तो काढून कोरड्या फडक्याने पुसावा, कारण तेथे अडकलेला एक कण टोकाशी मोठा फरक करतो. काढायचा तो ड्रिफ्टने. चकच्या कुशीत हातोडा मारू नये. बिट चकमध्ये निसटून फिरले असेल तर दांड्यावर ओरखडे आणि उंचवटे येतात. ते बारीक कानसीने साफ केल्याशिवाय बिट पुन्हा मध्यावर बसत नाही. आवळताना चावी तिन्ही भोकांत आळीपाळीने लावावी. बहुतेक जण एकाच भोकात लावून मोकळे होतात.

बिट चकमध्ये किती आत घालावे? दांडा जवळपास पूर्ण, पण जबडे खाचांवर येता कामा नयेत. बाहेर राहिलेली लांबी दुप्पट झाली तर त्याच आडव्या दाबाने बिट आठपट वाकते. जाडी निम्मी झाली तर सोळापट. म्हणून ३ मिलिमीटरच्या बिटाला जे चालत नाही ते १२ च्या बिटाला चालून जाते, आणि मोठ्या बिटावर शिकलेला मुलगा लहान बिटे भराभर तोडतो.

सुरुवातीचा क्षण सर्वांत नाजूक. बिटाच्या टोकाशी मध्यभागी एक आडवी कड असते. ती कापत नाही, लोखंड बाजूला ढकलते. गुळगुळीत पृष्ठभागावर ती घसरते आणि बिट भटकते. म्हणून सेंटर पंचाची खूण हवी, आणि ती त्या मधल्या कडेपेक्षा रुंद हवी. मोठ्या भोकासाठी आधी लहान भोक पाडावे, तेही त्या मधल्या कडेच्या रुंदीएवढेच. पाइपवर किंवा तिरप्या जागी आधी कानसीने थोडी सपाटी करावी. काम शिकंज्यात किंवा क्लॅम्पने बांधलेले असावे. पत्रा हाताने धरून भोक पाडणे म्हणजे बिट वाकवणे आणि हात कापून घेणे, दोन्ही एकदम. हातमोजे घालून ड्रिल मशीनवर उभे राहू नये, कारण मोजा गुंडाळला की बोट सुटत नाही. ओढणी, मोकळे केस, सैल बाह्या यांचेही तेच.

गतीचा हिशेब सोपा आहे. साध्या लोखंडासाठी आणि हायस्पीड बिटासाठी ८००० ला बिटाच्या मिलिमीटरमधील व्यासाने भागावे. १० च्या बिटाला मिनिटाला ८०० फेरे, ६ च्या बिटाला साधारण १३००, १२ च्या बिटाला साडेसहाशेच्या आसपास. स्टेनलेस स्टीलला याच्या निम्मे. पट्टा पुलीवर सरकवायचा कंटाळा म्हणून सगळी बिटे एकाच गतीवर चालवली जातात, आणि मोठ्या बिटांच्या धारा त्यामुळेच जळतात. तेल किंवा सोल्युबल ऑइलचे दुधाळ पाणी सोडत राहावे. भोक आरपार होण्याच्या बेतात हाताचा दाब कमी करावा, कारण तेव्हाच बिट पत्र्यात अडकून झटका बसतो. खाली लाकडाचा तुकडा असावा.

जुनी ड्रिल मशीन देऊ इच्छिणाऱ्यांना दोन शब्द. रंग आणि मोटार पाहण्याआधी स्पिंडल हाताने धरून बाजूला हलवून पाहा. ‘टकटक’ जाणवली तर बेअरिंग गेलेले आहे. चकमध्ये वाकवलेली तार धरून तिचे टोक टेबलाला चारी बाजूंनी टेकते का ते पाहा. एका बाजूला टेकून दुसऱ्या बाजूला फट पडली तर टेबल तिरपे आहे. बहुधा ते नट सैल करून ठीक होते, भंगारात काढायची गरज नसते. मोटार सिंगल फेजची आहे का, हेही कळवा. गावातल्या दुकानात थ्री फेज नसेल तर उत्तम मशीनही कोपऱ्यात पडून राहते. बिटांचा मिसळलेला गंजका डबा देण्यापेक्षा ३, ५, ६.८, ८.५, १०.२ आणि १३ या मापांची सहा चांगली बिटे द्यावीत. ८, १० आणि १२ च्या बोल्टांचे आटे आणि १२ च्या बोल्टाचे मोकळे भोक एवढ्यात निभावते. लोहारकाम करणाऱ्यांसाठी केंद्राच्या पीएम विश्वकर्मा योजनेत अवजारांकरिता १५,००० रुपयांपर्यंत मदत आहे. आपल्या ओळखीत पात्र कारागीर असेल तर त्याला ते सांगावे.

राहिले बिटांचे घर. एका डब्यात सगळी बिटे आदळत ठेवली की धारा एकमेकींवर बोथट होतात. सागाच्या नाहीतर बाभळीच्या ठोकळ्यात मापाप्रमाणे भोके पाडून प्रत्येकाजवळ माप लिहावे आणि बिटे टोक वर करून उभी ठेवावीत. संध्याकाळी रिकामे भोक दिसले की कोणते बिट हरवले ते लगेच कळते. पावसाळ्यात दर शनिवारी तेलाचे फडके फिरवावे. दांड्यावरचे माप पुसले गेले असेल तर व्हर्नियरने अंगाचे माप टोकाजवळ घ्यावे, दांड्याजवळ घेतले तर ते थोडे कमी भरते.